तळेवाडीची वरमाय

"बाई, गाडी मागं घ्या. आजून मागं. आता डावीकडं. डावीकडं, डावीकडं."

सॉ-मिलच्या दारात उभे राहून चार बाप्ये मला गाडी चालवायला शिकवत होते. मी मिरजेहून निघून गोकाक, संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा असं करत, एकटीच्या हातानं स्टिअरिंग धरून तिथवर आले होते, आणि ह्यांना वाटत होतं की मला ओंडक्यांच्या मधून ओमनी मागे घेता येणार नाही. मी काच खाली केली आणि म्हटलं, "सगळे बाजूला व्हा. कुणाच्या पायावरून चाक गेलं तर माझ्याकडं बघायचं नाही." झाले बाजूला. एका दमात गाडी मागे घेतली आणि भिंतीशी नीट लावली. एकानं टोपी काढून डोकं खाजवलं. माझं समाधान झालं.

शेजारच्या सीटवर कालिंदीवन्सं डोळे मिटून बसल्या होत्या. "झालं का गं?" त्यांनी विचारलं.

"झालं. उघडा डोळे."

त्र्याण्णव सालचा मे महिना होता. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, जन्मभर मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवली आणि आदल्या वर्षी निवृत्त झाल्या. निवृत्त झाल्यावर बायका काशीला जातात, वन्संनी बाहुलीघरांचा ध्यास घेतला. नुसती भातुकली नव्हे. मजले असलेलं, दारं उघडणारं, आत चूल, पाट, झोपाळा असलेलं सबंध घर. पूर्वी हौशी माणसं लेकींसाठी सुताराकडून अशी घरं करून घ्यायची. लेकी सासरी गेल्या आणि घरं माळ्यावर गेली. ती शोधून, झाडूनपुसून एकत्र मांडायची हे वन्संच्या मनात होतं. मिरजेतल्या एका वाचनालयानं मागची खोली द्यायचंही कबूल केलं होतं.

अडचण एकच होती. वन्संना मागता येत नाही. जेवताना मीठ हवं असलं तरी त्या मिठाच्या बरणीकडे बघत बसतात. असल्या माणसाला कोण घर काढून देणार? म्हणून मी निघाले. त्यांनी बघायचं आणि मी बोलायचं, असं ठरलं. गाडीच्या मागच्या सीटा काढून टाकल्या आणि तिथं वाकळा अंथरल्या. आमचे हे म्हणाले, "शरयू, तुझ्या तोंडाला घाबरूनच लोक देतील." म्हणोत. दिली खरी. गोकाकला एका मिल मॅनेजरच्या घरातून पत्र्याचं घर मिळालं, खिडक्यांना अजून निळा रंग होता. संकेश्वरात तंबाखूच्या जुन्या व्यापाऱ्याकडं रंगीत काचांचं सागवानी घर मिळालं, आणि त्यावर एक बाहुला फुकट. लाकडाचा, पगडीवाला, भल्यामोठ्या मिशांचा. रेशमी कोटाला कसर लागलेली. मी त्याचं नाव बापूसाहेब ठेवलं होतं.

आणि आजऱ्यात चहा पिताना कुणीतरी सांगितलं, तळेवाडीला यशवंत सुताराच्या सॉ-मिलमागं एक घर आहे ते बघा. मग दुसरं काही बघायची इच्छा होणार नाही.

टोपी काढून डोकं खाजवणारा तोच यशवंत निघाला. चाळिशीचा, हसऱ्या तोंडाचा माणूस. त्यानं आम्हाला मिलमागच्या खोलीत नेलं, कोपऱ्यातलं धोतराचं फडकं बाजूला ओढलं, आणि वन्सं फतकल मारून जमिनीवरच बसल्या.

माझ्या कमरेइतकं उंच घर होतं, दुमजली, सगळं फणसाच्या लाकडाचं. छपराचं एकेक कौल वेगळं कोरलेलं. खाली स्वयंपाकघर, चूल, उखळ-मुसळ, आणि जातं असं की खुंटा धरून फिरवलं तर खरंच फिरत होतं. वर पितळी कड्यांचा झोपाळा, देव्हारा, आणि खिडकीजवळ टांगलेला पाळणा. दाराला बोटाच्या नखाएवढी कडी होती आणि ती लागत होती. झोपाळ्यावर हिरव्या लुगड्यातली एक बाहुली बसली होती. घरावर धुळीचा कण नव्हता. कुणीतरी ते रोज पुसत होतं.

"किती सुंदर," वन्सं म्हणाल्या. त्यांचं बोलणं तेवढंच. पुढचं माझं.

मी यशवंतला म्हटलं, "आम्ही अशी घरं जमवतोय, लोकांना बघायला मांडणार आहोत. हे आम्हाला द्या. जशाला तसं ठेवू."

"उशीर केलासा बाई," तो म्हणाला. "गोव्याचा एक हाटेलवाला सोमवारी येतोय. त्याच्या हाटेलात भिंतीत बसवणार हाय म्हणे. खालचा मजला कापून टाकणार, वरच्यात बाटल्या मांडणार. आतली भांडी काढून तिसऱ्यालाच इकणार."

वन्सं जातं फिरवत होत्या, त्यांनी हात मागे घेतला. हा माणूस हे सगळं इतक्या निरागसपणे सांगत होता की त्याच्यावर ओरडावंसंही वाटेना.

"मी व्हय म्हटलेलं न्हाई," मागून आवाज आला.

दारात एक म्हातारी उभी होती. काटकुळी, ताठ, पांढऱ्यावर बारीक ठिपक्यांचं लुगडं, कपाळ मोकळं. हाताला पीठ लागलेलं होतं.

"आत्ये, तू न्हाई बी म्हटलं न्हाईस," यशवंत म्हणाला. मग आमच्याकडे वळून, "ही माझी शेवंताआत्या. घर हिचं. आमच्या आज्यानं केल्यालं."

मी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. आत्या ऐकत होती, पण बघत होती वन्संकडे, त्या अजून जमिनीवरच होत्या आणि बाहुलीच्या लुगड्याची निरी एका बोटानं सरळ करत होत्या.

"लेकीचं घर हाय ते," आत्या म्हणाली. "लेक इकतात व्हय?"

"विकत नको, तसंच द्या," मी म्हटलं. लाज वाटून चालत नाही ह्या कामात.

"तसंच तरी कशी देऊ?" आत्यानं हाताचं पीठ झटकलं. मग तिनं विचारलं, "तुमच्याकडं मुलगा हाय का?"

"आहे. पुण्याला इंजिनिअरिंगला आहे."

"त्यो न्हवं. बाहुला."

मी धावत गाडीकडे गेले आणि बापूसाहेबांना घेऊन आले. आत्यानं त्यांना उजेडात धरलं, उलटंसुलटं करून बघितलं.

"मिशा लई हायत."

"घराण्यात सगळ्यांना आहेत," मी म्हटलं.

"वय?"

"दिसतं तेवढं नाही. कोट जुना आहे म्हणून वाटतं."

"शिकल्याला हाय?"

"मॅट्रिक."

"काय व्यसन?"

"कसलंच नाही. तोंडातून शब्द निघत नाही."

आत्याच्या तोंडाचं बोळकं हललं. "मग द्यायला हरकत न्हाई. उद्या सकाळी लगीन लावू. मुलीचं नाव यमुना."

यशवंत दाराला टेकून हसत होता. आत्या गावातल्या पोरींना जमवून दर सुट्टीत बाहुलीचं लग्न लावते, त्यानं सांगितलं, सगळं रीतसर, पण खोटं खोटं. लग्न झालं की संध्याकाळी बाहुली परत झोपाळ्यावर. खरी सून म्हणून तिनं यमुनाला आजवर कुणालाही दिली नव्हती.

आम्ही आजऱ्याला परत आलो ते हवेतच. खणाचं कापड घेतलं, मण्यांच्या मुंडावळ्या ओवल्या, बत्तासे घेतले. लॉजच्या खोलीत वन्संनी बापूसाहेबांच्या कोटाची भोकं रफू केली. त्यांना इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. घर खोलीत कुठं ठेवायचं, उजेड कुठल्या बाजूनं हवा, पाळणा हलता ठेवायचा की बांधायचा. मी नुसती हुं हुं करत होते. माझीही छाती फुगली होती. बोलणी मी जमवली होती ना.

सकाळी तळेवाडीला पोचलो तर सॉ-मिलच्या अंगणात आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव होता, पोरींची झुंबड होती आणि अर्ध्या गावच्या बायका नटून आल्या होत्या. बाहुलीघर बाहेर आणून मांडवाच्या कडेला ठेवलं होतं. यशवंत स्वतः पाट मांडत होता. बाहुलीचा मामा म्हणून त्यानं फेटासुद्धा बांधला होता.

"यशवंतराव," मी म्हटलं, "जेवणं झाली की लगेच निघू. घर उचलायला माणसं लागतील."

तो पाट हातात घेऊन उभाच राहिला. "घर? घर कशाला?"

"म्हणजे?"

"लगीन झालं की मुलगी तुमची, वहिनी. मुलगी सासरला जाती. घर कुठं जातंय? घर माहेरचं. त्ये हितंच ऱ्हाणार."

 आम्हा तिघी बहिणींची लग्नं माझ्या डोळ्यांदेखत लागलेली. मी स्वतः एक पेटी आणि चार लुगडी घेऊन सासरी आले. आणि एवढं साधं मला आदल्या दिवशी सुचलं नव्हतं. नवरी घर घेऊन येत नाही. घर सोडूनच येते.

"बरोबर आहे त्यांचं," वन्सं हळूच म्हणाल्या.

"काय बरोबर आहे? सोमवारी ते कापणार आहेत."

"आपण शब्द दिलाय. लग्न लावू."

त्या मला मांडवाबाहेर, गाडीच्या आडोशाला घेऊन गेल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत उभ्या राहिल्या. मला वाटलं रडणार. पण त्या म्हणाल्या, "शरयू, वरमायेला रुसता येतं."

मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"एकदा. वरमाय रुसली की ती मागेल ते मुलीकडच्यांना द्यावं लागतं. तू रुस. घर माग. तुला जमेल."

दुसरं कुणी म्हणालं असतं तर मी हसले असते. आमच्या घरात माझा रुसवा प्रसिद्ध आहे. पण वन्संना ठाऊक होतं त्या काय मागताहेत ते. माझ्या लग्नात त्यांची आई, माझ्या सासूबाई, रुसून बसल्या होत्या. चांदीचा तांब्या पाहिजे म्हणून. भर दुपारी माझे वडील अनवाणी सराफकट्ट्याकडे गेले, तांब्या घेऊन आले आणि हात जोडून सासूबाईंसमोर उभे राहिले. मी बोहल्यावरून सगळं बघत होते. त्या दिवशी मी ठरवलं होतं, घरात वाटेल तेवढं रुसेन, पण कुणाच्या मांडवात रुसणार नाही. वन्संनीच मला त्या वेळी आत नेऊन पाणी पाजलं होतं.

"मला माहीत आहे," वन्सं म्हणाल्या. "तरी मागतेय."

साठीला आलेल्या ह्या बाईनं मी सून होऊन आल्यापासून माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. "बरं," मी म्हटलं. "रुसते."

मी वरमायेच्या पाटावर जाऊन बसले. बापूसाहेब माझ्या मांडीवर, मुंडावळ्या बांधून. सारिका नावाची एक दोन वेण्यांची पोरगी सगळा कारभार बघत होती, हिला उठव, तिला बसव. तिनं यमुनाला आणून समोर बसवलं, मध्ये रुमालाचा अंतरपाट धरला. पोरींनी अक्षता वाटल्या. मी मनात ठरवत होते, आता रुसावं की पंगतीला? आणि सहज बघितलं तर आत्या कुठं दिसेना.

"सारिका, आत्या कुठाय गं?"

"आत हाय की. दाराआड."

मी मान वळवून बघितलं. स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीत ठिपक्यांचं लुगडं दिसत होतं.

"ये म्हणावं बाहेर. लग्न लागतंय."

"आज्जी लग्नात म्होरं येत न्हाई," सारिका म्हणाली. "आमच्या ताईच्या लग्नात बी नव्हती. सगळा सैपाक तिनंच केला, पर मांडवात आली न्हाई."

"अगं, पण ही बाहुली आहे."

"लगीन ते लगीनच की," ती पोर म्हणाली, इतक्या सहज, की जणू मीच अडाणी.

शेजारी बसलेली बाई माझ्याकडे झुकली. "नऊ वर्साची होती, नवरा पटकीत गेला. त्येचं तोंड बी आठवत न्हाई तिला. परत आली ती हितंच. बाकीच्या पोरी खेळायला घेईनात, मग बापानं हे घर करून दिलं. दर दिवाळीला त्यो एक वस्तू वाढवायचा. जातं, झोपाळा, देव्हारा. पाळणा शेवटचा. तिचा संसार ह्यातच झाला म्हणा की."

माझा राग कानापासून सुरू होतो. आधी पाळ्या तापतात, मग मान. मी त्या पाळण्याकडे बघितलं. मग दाराच्या फटीकडे. ही बाई पहाटे उठून पुरण वाटत होती, मांडव तिचा, लेक तिची, आणि स्वतःच्या खोट्या लेकीच्या खोट्या लग्नालाही ती दाराआड उभी होती. आणि अंगणातल्या एकाही बाईला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. सगळ्या अक्षता मुठीत धरून हसत बसल्या होत्या.

मी माझ्या अक्षता पाटावर ठेवल्या, बापूसाहेबांना काखेत मारलं, उठले, तरातरा गाडीपर्यंत गेले आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसून दार लावून घेतलं.

मांडवातल्या सगळ्या माना वळवून बघू लागल्या. मग एक बाई म्हणाली, "वरमाय रुसली," आणि सगळ्या बायकांना आनंदाचं भरतं आलं. खऱ्या लग्नातसुद्धा हल्ली कुणी रुसत नाही म्हणे. सगळं वऱ्हाड गाडीभोवती गोळा झालं. यशवंत तांब्यात गुळाचं पाणी घेऊन आला. तो हसत होता, पण नजर सारखी बाहुलीघराकडे जात होती.

"काय चुकलं आमचं वहिनी? काय पायजे वरमायेला? मागा." मग आवाज उतरवून, "एकच हां. रुसवा एकदाच असतोय."

मागितलं असतं तर मिळालं असतं. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. सगळं गाव उभं होतं, तो फेटा बांधून मामा झाला होता, आणि वरमायेला नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. गाडीच्या दुसऱ्या खिडकीशी वन्सं उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत असं काही होतं की मला तिकडे बघवेना. मी समोर काचेतून बघत बोलले.

"मला मुलीची आई पाहिजे."

"आं?"

"मुलीची आई मांडवात नाही. आमच्याकडं असली लग्नं होत नाहीत. तिनं स्वतः मुलीला हाताला धरून आणायचं, पुढच्या पाटावर बसायचं आणि सगळ्यांच्या आधी अक्षता टाकायच्या. नाही तर मुलगा घेऊन मी चालले मिरजेला." आणि मी गाडी सुरू केली.

"एवढंच व्हय?" यशवंतच्या तोंडून निघून गेलं. घर मागितलं नाही म्हणून त्याचा जीव भांड्यात पडला होता. मग त्याचा चेहरा बदलला. एवढंच नव्हतं ते, हे त्यालाही कळलं. त्यानं तांब्या एका बाईच्या हातात दिला आणि आत गेला.

आतून आत्याचा आवाज येत होता. "मला चालत न्हाई, येश्या. पोरीचं वाईट हुईल. तू सांग त्या बाईला."

मी गाडी बंद केली आणि आत गेले. आत्या चुलीपाशी भिंतीला पाठ लावून उभी होती, कुणी मारायला येतंय अशी.

"आत्या, मुलगा माझा आहे ना?"

"हां."

"मुलगी माझ्या घरी नांदणार आहे. बरंवाईट झालं तर माझ्या घरात होईल. मी म्हणते, होऊ दे. चला."

"लोकं काय म्हणतील?"

"लोकांना मी बघते. माझ्या तोंडाला आमची अख्खी गल्ली भिते."

तिनं हात पदराला पुसले. परत पुसले. मग दाराबाहेर पाय ठेवला.

मांडवात ती आली तेव्हा कुणी हसत नव्हतं. तिनं यमुनाला उचललं, तिचा पदर नीट केला आणि पुढच्या पाटापाशी येऊन घुटमळली. वन्सं उठल्या आणि त्यांनी तिला दंडाला धरून पाटावर बसवलं. पोरींनी मंगलाष्टकं म्हटली, अर्धी चुकीची. सावधान झालं आणि सगळ्या थांबल्या. आत्याच्या मुठीत तांदूळ होते, पण हात वर होईना. सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईनं कुणावर कधी अक्षता टाकल्या नव्हत्या. सारिकानं तिचा कोपर खालून उचलला तेव्हा तो हात उघडला. निम्मे तांदूळ तिच्याच मांडीवर पडले.

विहीणभेट झाली. मी तिला मिठी मारली, नुसती हाडं लागली हाताला. सारिका हळदीकुंकवाची कोयरी घेऊन फिरत होती, ती आत्यासमोर येऊन थांबली आणि माझ्याकडे बघू लागली. मी कोयरी घेतली. आत्यानं माझं मनगट धरलं.

"हळद लाव," ती म्हणाली. "कुंकू नगं. एवढं बास मला."

मी हळद लावली. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला ते पुसायचंही नव्हतं.

मग जेवणाची पानं मांडायला बायका उठल्या, तेव्हा आत्या पाटावरूनच म्हणाली, "येश्या, आंदण ऱ्हायलं."

"कसलं आंदण, आत्ये?"

"मुलीच्या आईनं लेकीला द्यायचं असतंय ते. आजपातूर मी आई नव्हतो. आता समद्यांनी मला आई म्हणून बसवलंय." तिनं हात लांब केला. "ते घर. जात्यासकट, झोपाळ्यासकट. पाळण्यासकट. माझ्या लेकीला आंदण दिलं."

यशवंत तिथल्या ओंडक्यावर बसला. "आत्ये, सोमवारी त्यो माणूस येतोय की गं."

"त्येला सांग, लेक सासरला गेली."

बायका जी हसायला लागल्या त्या थांबेनात. यशवंतनं फेटा काढून मांडीवर ठेवला, मग तोही हसायला लागला. आंदण दिलेलं मागं घेता येत नाही हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती, तोच आम्हाला सकाळपासून रीत शिकवत होता.

आदल्या दिवशीच्याच चौघांनी घर उचलून गाडीत ठेवलं. "डावीकडं, डावीकडं, सांभाळून," चाललं होतं त्यांचं. ह्या वेळी मी त्यांना बोलू दिलं. यमुना आणि बापूसाहेब झोपाळ्यावर बसले. आत्यानं दाराची कडी लावली, बघितली, आणि हात मागे घेतला.

आजरा मागे पडेपर्यंत वन्सं काही बोलल्या नाहीत. शेवटी मला राहवेना.

"रागावलात?"

"क्षणभर रागावले होते," त्या म्हणाल्या. "तू आई मागितलीस तेव्हा. मला वाटलं, जन्मात एकदा काही मागितलं, तेही हिनं दिलं नाही." मग बराच वेळ बाहेर बघून, "आता असं वाटतंय की सगळ्या जगाला ओरडून सांगावं, ही माझी भावजय आहे."

मी गिअर बदलला. काहीतरी करायला हवं होतं म्हणून.

"शरयू, तुला ठाऊक होतं का, ती घर देईल?"

"नव्हतं."

"अगदी खरं?"

"अगदी खरं. पण लोकांना सांगू नका."

त्यांनी सांगितलं नाही. अजून लोक मला म्हणतात, काय डोकं चालवलंत, आईला पुढं आणलंत म्हणून आंदण मिळालं. मी नुसती मान हलवते. आता वन्सं नाहीत, म्हणून खरं काय ते सांगून टाकलं. आणि खरं सांगायला मला कमीपणा वाटत नाही. डोकं चालवून कुणीही घर मिळवेल.

दिवाळीत वाचनालयाची खोली उघडली. मधोमध तळेवाडीचं घर होतं. बाकीच्या घरांपुढे वन्संनी गाव आणि लाकूड लिहिलं होतं, ह्याच्यापुढे लिहिलं होतं: 'आंदण. देणार, मुलीची आई शेवंताबाई, तळेवाडी.' यशवंत आत्याला घेऊन आला होता. तिला वाचता येत नव्हतं, तिनं माझ्याकडून ती पाटी वाचून घेतली, आणि परत वाच म्हणाली. मग घरासमोर बसली. मुलं यायची, वाकून बघायची, जातं फिरवू का विचारायची, आणि ती म्हणायची, "फिरव, पर हळू. माझी लेक झोपलीया."

शिपाई चहा घेऊन आला. आत्यानं कप बाजूला सारला.

"घ्या की," मी म्हटलं. "सकाळपासून प्रवासात आहात."

"लेकीच्या घरी पानी पीत न्हाईत, विहीणबाई. रीत हाय."

 भिंतीपाशी एक खुर्ची होती, तिच्यावर जाऊन बसले आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

"आता काय झालं हिला?" आत्यानं विचारलं.

"रुसली," वन्सं म्हणाल्या.

"रुसवा एकदाच असतोय."

"तळेवाडीत एकदा असतो," मी भिंतीकडे बघतच म्हटलं. "हे मिरज आहे."

 मागून कडी उघडल्याचा, ती नखाएवढी कडी, बारीकसा आवाज आला. आत्यानं आत बघितलं असणार, दोघं नीट बसलीत ना झोपाळ्यावर. मग बशीत चहा ओतल्याचं ऐकू आलं, आणि फुंकर.

"साखर कमी हाय," ती म्हणाली.